ट्रॅक्टरावरील गाण्याचें यंत्र व त्याचे बिघाड

हल्लीं ऊंस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर गाण्याचें यंत्र नाहीं, असें क्वचितच आढळतें. तें असावें कीं नसावें, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. परंतु त्यांतील ॲम्प्लिफायर मुका झाला, म्हणजे मिस्त्री बहुधा नवा घ्यावयास सांगतो, आणि पुष्कळदां दोष निघतो तो एखाद्या तारेंत. म्हणून हा तपास शेतकरी बंधूंनीं प्रथम स्वतःच करावा. त्यास साधा मल्टिमीटर पुरे.

ॲम्प्लिफायरास विजेच्या तीन तारा येतात. जाड लाल तार बॅटरीकडून, जाड काळी सांगाड्याकडून, व बारीक, बहुधा निळी, ती टेपाकडून. टेप चालू असतां लाल व निळी या दोहोंवर सुमारें १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. निळीवर नसल्यास टेप किंवा मधली तार पहावी. लालीवर नसल्यास फ्यूज.

जळालेल्या फ्यूजच्या जागीं त्याच आंकड्याचा घालावा. तोही जळाल्यास लाल तार कोठें तरी पत्र्यास घासली आहे, असें समजावें. कित्येक लोक तेथें तांब्याची तार गुंडाळून मोकळे होतात! बॅटरी शेंकडों अँपियर देऊं शकते. तार तापून तिचें वेष्टन पेटतें, आणि जवळून डिझेलची नळी गेलेली असते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आंतच असावा.

आतां काळी तार. आमच्या मतें निम्मे बिघाड येथेंच असतात. ती रंगावर किंवा गंजावर आवळलेली असते, आणि रंगांतून वीज जात नाहीं. मग ढोलाच्या ठोक्यास यंत्र बंद पडतें, अथवा इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकूं येते. मोठ्या आवाजांत गाणें चालू असतां मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें ॲम्प्लिफायरच्या काळ्या टोंकास लावावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास सांधा कच्चा आहे. तेथील रंग कानशीनें घांसून, लखलखीत लोखंडावर तार आवळावी. एवढ्यानें शिट्टी न थांबल्यास टेपाकडून येणारी आवाजाची तार लाल तारेपासून दूर, दुसऱ्या बाजूनें न्यावी.

‘प्रोटेक्ट’ दिवा लागल्यास स्पीकरच्या तारा एकेक सोडून पहाव्या. जी सोडतांच दिवा विझेल, तींत किंवा तिच्या स्पीकरांत दोष आहे. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागीं समांतर जोडल्यास २ ओहम होतात. तें सर्वच यंत्रांस सोसत नाहीं. यंत्रावर पोतें टाकूं नये, हें सांगावयास नकोच, तरी टाकतात.

बॅटरीची गोष्ट मात्र महत्त्वाची. ४०० वॅटचें यंत्र पूर्ण जोरानें वाजल्यास बॅटरीतून निदान ३३ अँपियर ओढतें, आणि नासाडी धरल्यास त्याहून पुष्कळ अधिक. गाण्यास सतत इतकी लागत नाहीं, हें खरें. पण कारखान्याच्या आवारांत रांगेत, इंजिन बंद ठेवून रात्र काढणाऱ्याचा ट्रॅक्टर सकाळीं ढकलावा लागतो, व मागची रांग खोळंबते. विसावलेली भरली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ वर ती निम्मी रिती झालेली असते, तेथें गाणें बंद करावें. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर असें यंत्र वाजविण्यास मनाई आहेच.

इतकें करूनही यंत्र न बोलल्यास मीटरचे सर्व आंकडे कागदावर लिहून तो कागद मिस्त्रीपुढें ठेवावा.