स्वनिर्मित हलक्या विमानातील इंजिन बिघाड व सक्तीचे अवतरण : एक विवेचन

प्रस्तावना :
वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची शासकीय नोंदणी झाली. अशा स्वनिर्मित विमानाचे इंजिन हवेत बंद पडल्यास वैमानिकाने काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बिघाडाची कारणे :
स्वनिर्मित विमानात इंधनाच्या टाक्या, नळ्या व इंजिन यांची जुळणी बहुधा निर्माता स्वतः करतो. नळीत वाफ अडकणे किंवा टाकीत पाणी, कचरा राहणे एवढ्यानेही इंजिन बंद पडू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासात अशा विमानांच्या अपघातांमागे इंजिन यंत्रणेतील बिघाड व हवेत नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे आढळली.

अवतरणाचे शास्त्र :
इंजिन बंद पडताच विमान कोसळते, हा समज चुकीचा आहे. पुढे जाण्याचे अंतर उंचीच्या नऊपट असलेले विमान वारा नसताना ३०० मीटर उंचीवरून सुमारे २.७ कि.मी. तरंगत जाते. मात्र त्यासाठी नाक खाली करून योग्य वेग राखावा लागतो.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह घातक ठरतो. ४५ अंश कललेल्या वळणात, ज्या वेगाखाली पंखांची उचल नाहीशी होते तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. शिवाय परतताना वारा पाठीमागून येतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ८० कि.मी. व वाऱ्याचा २० कि.मी. असल्यास जमिनीवरील वेग समोरच्या वाऱ्यात ६०, तर पाठच्या वाऱ्यात १०० कि.मी. होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने आघात सुमारे पावणेतीनपट होतो. म्हणून समोरच्या मोकळ्या जागेत उतरणेच श्रेयस्कर.

जागेची निवड :
सक्तीचे अवतरण बहुधा शेतातच होते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले, कारखान्यात बनलेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. प्रशिक्षणार्थी वैमानिक बचावली. हिंगोलीसारख्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात पावसाळ्यात चाके रुतून विमान नाकावर उलटण्याचा धोका असतो. सऱ्यांना आडवे न जाता त्यांच्या दिशेनेच उतरावे. विजेच्या तारा, विहिरी व बांध टाळावेत.

निष्कर्ष :
इंजिन बंद पडल्यावर विचारास काही सेकंदच मिळतात. त्यामुळे कोणत्या उंचीखाली परत वळायचे नाही, हा निर्णय उड्डाणापूर्वी जमिनीवरच घेतला पाहिजे. विमान वाचविण्यापेक्षा माणूस वाचविणे महत्त्वाचे, हेच सक्तीच्या अवतरणाचे सूत्र होय.