रॅपरचा पहिला अल्बम आणि ‘रिसेप्शन’ नावाची भानगड

‘रिसेप्शन’ म्हटलं की आपल्याकडे आधी लग्नाचा हॉल, स्टेजवरच्या दोन खुर्च्या आणि आहेराची पाकिटं आठवतात. मास मीडिया, साहित्य किंवा समाजशास्त्रात पीएचडी करू बघणाऱ्यांना मात्र हा शब्द दुसऱ्याच अर्थाने भेटतो: एखादी कलाकृती बाहेर आल्यावर लोकांनी ती कशी घेतली, याचा अभ्यास. मराठीत त्याला ‘स्वीकार’ म्हणतात, पण त्यात होकार आधीच गृहीत धरलेला असतो. ‘ग्रहण’ म्हणावं तर सूर्य-चंद्र आठवतात. म्हणून मी सरळ रिसेप्शनच म्हणते.

सिनॉप्सिसच्या दिवसांत या धाटणीचे टॉपिक बरेच दिसतात: ‘अमुक महिला रॅपरचा पहिला अल्बम आणि त्याचं समीक्षात्मक रिसेप्शन: एक अभ्यास’. टॉपिक दिसायला छान आहे, ताजा आहे, शिवाय मुंबईचा आहे. आरआरसीसमोर पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा डेटा काय?’ आणि उत्तर दिलं जातं, ‘अल्बम.’

इथेच गाडी रुळावरून उतरते. तुम्ही रिसेप्शनचा अभ्यास करणार असाल तर अल्बम तुमचा डेटा नाही. अल्बमबद्दल इतरांनी जे बोललं, लिहिलं, टाळलं, तो तुमचा डेटा. गाणी तुम्हाला पाठ असायला हवीत हे खरं, पण तुमचा प्रबंध गाण्यांचा अर्थ सांगत नसून गाण्यांवर लोकांनी कोणते अर्थ चढवले ते सांगतो. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण त्यावरून अख्खी मेथडॉलॉजी बदलते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, कल्याणची. रॅपची सुरुवात कॉलेजच्या दिवसांत. ‘गली बॉय’मध्ये तिची छोटीशी झलकही आहे. तिचा पहिला अल्बम 2020 साली आला, नाव ‘डी=एमसी²’. आइन्स्टाइनच्या समीकरणात स्वतःचं नाव बसवलंय. (मुंबईत ‘एमसी’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात आणखी काय येतं ते मी लिहीत नाही, पण हिपहॉपमध्ये एमसी म्हणजे माइक हातात घेऊन महफिल चालवणारा. एखाद्या मुलीने ती दोन अक्षरं स्वतःच्या नावात मिरवणं यातही एक गंमत आहेच.)

आता प्रश्न असा की हा अल्बम ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून काय काय होतं? इथे हान्स रॉबर्ट याउस हा जर्मन अभ्यासक उपयोगी पडतो. 1967 साली कॉन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्याने साहित्याच्या इतिहासाची मांडणी वाचकाच्या बाजूने करायला हवी असं सुचवलं. त्याची मुख्य संज्ञा आहे ‘अपेक्षांचं क्षितिज’. वाचक कोरी पाटी घेऊन येत नाही. आधी वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं सगळं बरोबर घेऊन येतो आणि नवी कलाकृती त्या मापाने मोजतो. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये याउसचं नाव टाकून पुढे जाणारे खूप आहेत. ते क्षितिज तुमच्या केसमध्ये नेमकं कशाचं बनलं होतं, हे दाखवणारे कमी.

आपल्या केसमध्ये ते दाखवणं त्या मानाने सोपं आहे. मुंबईच्या रॅपचं क्षितिज 2014 ते 2019 या पाच-सहा वर्षांत घडलं. 2014 मध्ये कुर्ल्याच्या नेझीचं ‘आफत’ आलं. 2015 मध्ये तो आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिवाइन यांचं ‘मेरे गली में’. मग 14 फेब्रुवारी 2019 ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’. रॅपर म्हणजे कोण, हे लाखो लोकांना या सिनेमाने शिकवलं. वस्तीतला मुलगा, घरात बापाशी भांडण, डोक्यात शब्द आणि शेवटी स्टेज. आता त्यातल्या बायका आठवा. सफिना डॉक्टर होऊ पाहणारी, मुरादची प्रेयसी. स्काय संगीत शिकणारी, त्याचं गाणं प्रोड्यूस करणारी. दोघीही जिवंत, दमदार पात्रं आहेत, पण कथेच्या मध्यभागी माइक त्यांच्या हातात नाही. सिनेमा दोन बायकांनी लिहिलाय, झोया अख्तर आणि रीमा कागती, हेही इथेच नोंदवून ठेवते, म्हणजे ‘पुरुषांनी लिहिलं म्हणून असं झालं’ हे आयतं उत्तर हाताशी राहत नाही.

पुढच्याच वर्षी कल्याणच्या मुलीचा अल्बम येतो आणि तो या क्षितिजावर ठेवून ऐकला जातो. शिवाय 2020. मार्चपासून लॉकडाउन. ज्या कलेचा जीव लाइव्ह कार्यक्रमात असतो, तिला त्या वर्षी स्टेजच नव्हतं. अल्बमला प्रतिसाद कसा मिळाला हे मोजताना हा घटक विसरलात तर तुमचं सगळं विश्लेषण हवेत जाईल.

आता या क्षितिजातला एकच शब्द घेऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तो शब्द म्हणजे ‘गली’.

रॅपच्या समीक्षेत सगळ्यात जड निकष असतो अस्सलपणाचा. हा माणूस खरंच तिथला आहे का? जे सांगतोय ते जगलाय का? मुंबईत या अस्सलपणाचा पत्ता ‘गली’ असा लिहिला जातो. नाक्यावर उभं राहणं, रात्री उशिरापर्यंत मित्रांबरोबर सायफर रंगवणं, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करणं, आणि मग शेवटच्या लोकलने घरी. यातली प्रत्येक गोष्ट करायला एक सवलत लागते: काही काम नसताना रस्त्यावर असण्याची सवलत.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईवरचं पुस्तक 2011 साली आलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: मुंबईत बाई सार्वजनिक जागेत दिसते, भरपूर दिसते, पण तिला सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं. ऑफिसला चाललेय, भाजी घ्यायला आलेय, मुलाला शाळेतून आणायचंय. काहीही न करता नुसतं रेंगाळणं, टवाळक्या करणं, तिच्या वाट्याला येत नाही. त्या हाच हक्क मागतात. हे पुस्तक रॅपबद्दल नाही. पण रॅपच्या समीक्षेशेजारी ठेवलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ‘गलीतून आलेला’ हा समीक्षेचा निकष लिंगनिरपेक्ष नाही. नाक्यावर बाराला उभा असलेला मुलगा अस्सल ठरतो. तिथेच उभ्या मुलीला लोक ‘घरी कोणी नाही का?’ विचारतात.

अंतराची गोष्टही यात धरा. कल्याण सीएसएमटीपासून पन्नासहून जास्त किलोमीटरवर आहे. अंधेरी-वर्सोव्याच्या बाजूला शो किंवा रेकॉर्डिंग असेल तर आधी सेंट्रलने घाटकोपर, मग मेट्रो. ही घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली; त्याआधी दादरला गाडी बदला किंवा घाटकोपरहून बसमध्ये लटका. कार्यक्रम साडेअकराला संपला तर परतीचं गणित काय? मुलुंड-घाटकोपरच्या मुलीला हे गणित तोंडपाठ असतं, कल्याणच्या मुलीला तर स्वप्नातही. मग एखादी रॅपर सायफरमध्ये कमी दिसली तर ती ‘सीनमध्ये नाही’ असं लिहिणारा समीक्षक प्रत्यक्षात कशाचं मूल्यमापन करतोय, तिच्या रॅपचं की रेल्वेच्या टाइमटेबलचं? संशोधनाचा प्रश्न म्हणतात तो असा. ‘रिसेप्शन कसं झालं’ हा प्रश्न नाही, विषय आहे.

यावर नुसतं मत नको, पुरावा हवा. तो कसा उभा करायचा याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे व्हॉन श्मुट्झ आणि अॅलिसन फॉपेल यांचा 2010 चा लेख, ‘सोशल फोर्सेस’ या जर्नलमधला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सार्वकालिक 500 सर्वोत्तम अल्बमची यादी केली होती. या दोघांनी त्या यादीत बायकांचं प्रमाण कमी का, हे पाहिलंच, पण त्यापुढे जाऊन ज्या बायका यादीत आल्या त्यांचं कौतुक कोणत्या शब्दांत केलं गेलं तेही तपासलं. पुरुषांच्या अल्बमला ऐतिहासिक महत्त्व, कलात्मक दर्जा, स्वायत्तता ही प्रमाणपत्रं मिळतात. बायकांच्या अल्बमबद्दल बोलताना भावनेचा खरेपणा आणि आधीच नावाजलेल्या लोकांशी असलेली नाती जास्त पुढे येतात. कौतुक दोघांचंही होतं, पण कौतुकाचं चलन वेगळं.

या लेखाची पद्धत आपल्याकडे आणता येईल, पण जशीच्या तशी नाही. समजा तुम्ही म्हणता, ‘डी एमसीबद्दल लिहिताना तिच्या बाईपणावर जास्त भर दिला गेला.’ गाइड विचारणार, ‘कोणाच्या तुलनेत?’ म्हणजे जवळच्या काळातला, जवळच्या सीनमधला पुरुषाचा पहिला अल्बम हवा. डिवाइनचा ‘कोहिनूर’ 2019 चा आहे, तो लगेच सुचतो. पण थांबा. त्याच्यामागे सिनेमाचं वलय होतं, त्याच्या आयुष्यावर सिनेमा बेतलाय अशी चर्चा होती, पाठीशी मोठी यंत्रणा होती. दोघांच्या परीक्षणांत फरक दिसला तर तो लिंगाचा की लेबलच्या ताकदीचा? दोन अल्बमच्या तुलनेतून याचं उत्तर मिळत नाही. पाच-सहा पहिले अल्बम घ्यावे लागतील, त्यात कमी प्रसिद्ध मुलगेही हवेत. काम वाढतं. इलाज नाही.

आणि मग सगळ्यात मोठी अडचण येते: परीक्षणंच सापडत नाहीत. आपल्याकडे स्वतंत्र संगीतावर लांब, गंभीर अल्बम-परीक्षण छापणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही बहुतेक इंग्रजीत. मराठी पेपरात रॅपच्या अल्बमचं परीक्षण शोधायला बसलात तर दिवस जाईल. जे सापडतं ते बहुतांशी मुलाखत, ओळख करून देणारा लेख किंवा ‘या दहा मुलींना ऐकाच’ छापाच्या याद्या. अनेक जण इथे हाय खातात आणि टॉपिक बदलतात. माझं मत उलट आहे. परीक्षणाच्या जागी मुलाखत येणं हाच निष्कर्ष असू शकतो. परीक्षण कामाबद्दल असतं, मुलाखत माणसाबद्दल. एखाद्या कलाकाराला ‘मुलगी असून रॅप करताना कसं वाटतं?’ हे दहा वेळा विचारलं जातं आणि तिच्या यमकांबद्दल, फ्लोबद्दल, बीटच्या निवडीबद्दल एकदाही नाही, तर नोंदीत काय उरतं? पन्नास वर्षांनी कोणी शोधलं तर तिचा संघर्ष मिळेल, तिची कला मिळणार नाही. ‘पहिली महिला रॅपर’ हे बिरुद तर आणखी घातक. ते नव्या मुलीला चिकटवलं की आधीच्या सगळ्या पुसल्या जातात. मराठीत रॅप करणारी, महादेव कोळी समाजातून आलेली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, आदिवासींच्या प्रश्नांवर गाणी करते. तिचं काम सुट्या गाण्यांतून पुढे आलंय. अल्बमच हवा असा हट्ट धरलात तर ती तुमच्या अभ्यासातून आपोआप बाहेर. टॉपिकमधला एक शब्द किती जणींना गाळतो ते आधीच बघा.

परदेशातली दोन उदाहरणं, कारण व्हायव्हात विचारतात. लॉरिन हिलचा पहिला सोलो अल्बम 1998 चा. त्याला फेब्रुवारी 1999 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह. पण त्याआधीच त्यावर काम केलेल्या चार संगीतकारांनी श्रेयासाठी कोर्ट गाठलं होतं. 2001 मध्ये तडजोड झाली. ‘बाईच्या कामावरच शंका घेतात’ असं पटकन लिहू नका. त्या चौघांचा दावा मेहनतीच्या श्रेयाचा होता आणि तोही गंभीर प्रश्न आहे. दुसरं उदाहरण इंग्लंडच्या स्पीच डबेलचं. 2009 साली तिच्या पहिल्याच अल्बमला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तरी विक्री फारशी हलली नाही आणि लवकरच तिने लेबल सोडलं. समीक्षकांचं रिसेप्शन आणि श्रोत्यांचं रिसेप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकाच वाक्यात कोंबू नका.

श्रोत्यांकडे जायचं तर यूट्यूबच्या कमेंट्स आहेत. इथे कामाच्या तीन-चार गोष्टी सांगते. कमेंट गोळा केली ती तारीख नोंदवा, कारण कमेंट उडते आणि लाइक बदलतात. आपल्या लोकांची हिंदी-मराठी रोमन लिपीत असते. ‘भारी’ हा एकच शब्द कोणी एक ए घालून लिहितो, कोणी दोन, कोणी शेवटी पाच आय लावतो. तयार सॉफ्टवेअर त्याला वेगवेगळे शब्द समजतं, त्यामुळे पहिल्या काही शे कमेंट्स हातानेच वाचाव्या लागतात. कोडिंग एकट्याने करू नका. त्याच कमेंट्स दुसऱ्या कोणाला तरी स्वतंत्रपणे कोड करायला द्या आणि तुमचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने तपासा. ‘मुलगी असून भारी’ हे कौतुक की टोमणा, यावर तुमचं आणि तुमच्या मित्राचं भांडण झालं तर त्या भांडणाची टिपणं ठेवा. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तिथून निघू शकतं.

आणि ‘रॅप म्हणजे आपली शाहिरीच’ किंवा ‘जात्यावरची ओवी म्हणजे बायकांचा रॅप’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकायचा मोह आवरा. ओवीत बाई दळता दळता, घराच्या आत, बहुधा दुसऱ्या बाईला ऐकवत असते. रॅपर माइकवर, अनोळखी गर्दीसमोर. दोन्हीत ताल आहे, तक्रार आहे, पण ऐकणारा बदलला की रिसेप्शन बदलतं, आणि तुमचा विषय तर तोच आहे.

कमेंट जशीच्या तशी छापायची असेल तर आधी ती सर्च बॉक्समध्ये टाकून बघा. लिहिणाऱ्याचं प्रोफाइल दोन सेकंदांत समोर येत असेल, तर नाव झाकून काही उपयोग नाही. अशा वेळी आशय आपल्या शब्दांत लिहा, आणि हे एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्येच नमूद करा.