रोमन पेले, वत्सगुल्म आणि लोणारचा खार

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. रोमशी महाराष्ट्राचा व्यापार होता, हेही खरं. पण या दोन गोष्टी जोडून वत्सगुल्मच्या राजवाड्यात रोमन काचेचे कोरीव पेले मांडले की काळाचा मेळ बसत नाही. तो व्यापार भरात होता पहिल्या-दुसऱ्या शतकात, सातवाहनांच्या वेळी. वाकाटक राजा सर्वसेनाने वत्सगुल्मची गादी स्थापली चौथ्या शतकात.

त्या पेल्यांची नक्षी साच्यातून निघे, हा समजही अपुरा आहे. साच्याची भांडी होती. पण पैलूदार पेल्यांसाठी कारागीर थंड, जाड काच फिरत्या चाकावर धरी आणि कठीण पूड व पाणी लावून एकेक पैलू घाशी. शेवटच्या पैलूला तडा गेला की सगळी मेहनत वाया. असे पेले १९३७ ते १९३९ दरम्यान अफगाणिस्तानात बेग्राम इथे सापडले.

त्यांची चमक शिशाची नव्हे. शिसं घातलेली 'क्रिस्टल' काच सतराव्या शतकात इंग्लंडात आली. रोमन काचेत वाळू, चुना आणि इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांतला सोडा असे. असा खार आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात लोणारलाही आहे. काच आणि साबणाचं साहित्य तिथे मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी'त आहे. वाशीमकरांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

म्हणूनच काच आपल्याला रोमने शिकवली, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. रोमच्या कितीतरी शतकं आधी इथे काचेचे मणी होत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वहीत सिंधूच्या मुखावरच्या बंदरात उतरणारी काचेची भांडी आहेत. भडोचला, म्हणजे दख्खनच्या वाटेवर, मात्र कच्ची काच उतरते. कच्ची काच घेणाऱ्याकडे ती वितळवून घडवणारे हातही असणारच. रोमन लेखक प्लिनी तर भारतातल्या काचेला तोड नाही असं लिहितो.

गावाच्या जुन्या पांढरीत कधी इंद्रधनुषी झाक असलेला काचेचा तुकडा वर येतो. त्या झाकेवरून तो रोमन ठरत नाही. ओल्या मातीत काचेचा पृष्ठभाग झिजून पापुद्रे सुटले की कुठल्याही काचेवर ती येते. निवाडा रासायनिक तपासणीत होतो: इजिप्तच्या सोड्याच्या काचेत पोटॅश आणि मॅग्नेशिया सहसा दीड टक्क्याच्या आत असतात, तर आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या काचेत ॲल्युमिना भरपूर सापडतो.