घोडा, फटफटी आणि चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा राज्यात, कोलोरॅडो नदीजवळ मोआब नावाचे एक लहान गाव आहे. भोवती सगळा तांबड्या वाळूच्या दगडाचा मुलूख, आणि नदीने तो कापून खोल घळी पाडलेल्या. पाऊस वर्षाला नऊ-दहा इंच. आपला माण-खटावचा माणूसदेखील तिथे उभा राहिला तर म्हणेल, "बाबा, आमचं बरं!" या मुलखात शंभर वर्षांपूर्वी गुराखी घोड्यावरून हिंडत. पुढे हौशी मोटारसायकलवाले आले; मोआबजवळच्या गुळगुळीत खडकावर १९६९ साली जी वाट आखली गेली ती मुळात त्यांच्यासाठीच. सायकलींची वाट म्हणून तिचे नाव नंतर जगभर झाले. आणि १९६७ पासून तेथे दर वर्षी ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरतो. या मेळ्याला येणाऱ्यांत उमेदीच्या काळात घोडा बाळगलेले किंवा फटफटी दामटलेले लोक पुष्कळ असतात. पन्नाशी-साठीला त्यांनी ते वाहन दिले, आणि त्याऐवजी चारही चाकांना ओढ असलेली गाडी आणि मागे जोडायचे एक चाकांवरचे घर घेतले.

असे का व्हावे? पहिले कारण पडण्याचे. विशीत घोड्यावरून पडलेला माणूस धूळ झटकून उठतो. साठीत तोच माणूस खुब्याचे हाड मोडून घेतो. दुसरे कारण घोड्याच्या पोटाचे. साडेचारशे किलोंचा घोडा रोज नऊ-दहा किलो गवत खातो आणि तीस-चाळीस लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. वाळवंटात चार दिवस राहायचे तर एका घोड्यासाठीच दीडशे लिटर पाणी न्यावे लागणार. उभी गाडी काही खात नाही, पीत नाही.

पण मोटारसायकल विकणे वेगळे आणि घोडा विकणे वेगळे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. बसण्यासारखा तो त्यातली काही वर्षेच असतो. म्हातारा घोडा कोण घेणार? अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद पडले. त्यानंतरही कितीतरी घोडे सरहद्दीपलीकडे मेक्सिको आणि कॅनडाकडे त्याच कामासाठी रवाना झाले. म्हणून जो मालक थोडा मायेचा असतो तो घोडा विकत नाही, कुरणात ठेवतो आणि त्याचा दाणागोटा मरेपर्यंत पुरवतो. दारात ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाकडे पाहिलेल्या शेतकऱ्याला हे मी अधिक उलगडून सांगायला नको. जाहिरातीत नव्या गाडीची किंमत असते, या चाऱ्याची नसते.

आता गाडीकडे वळू. घोडा आणि मोटारसायकल देऊन चारचाकी घेण्याचा हा व्यवहार अमेरिकेच्या लष्करानेही केला. टेहळणीला आणि निरोप पोहोचवायला घोडेस्वार असत आणि बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकलीही असत. १९४० साली युरोपातले युद्ध पाहून लष्कराने एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागवली, आणि नमुन्यासाठी मुदत दिली अवघी एकोणपन्नास दिवसांची! पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी हजर केली. तीच जीपची आजी. कारखाना लहान, म्हणून मोठे काम पुढे विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपताच विलीजने १९४५ साली जीप शेतकऱ्यांना विकायला काढली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी सुटे भाग आणून तीच जीप मुंबईत जुळवायला घेतली, आणि पुढे ती आपल्या खेडोपाडी विकास अधिकाऱ्याची जीप म्हणून ओळखीची झाली.

जीपला चढ का चढतो, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला चटकन कळेल. दांत्यांची एक जादा जोडी असते. ती लावली की चाकांवरचा जोर अडीच ते चार पट वाढतो आणि वेग तितकाच उतरतो. गाडी मुंगीच्या पावलांनी दगडावर चढते. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक खोड आहे. जे चाक अधांतरी लटकते, तेच गरगर फिरते, आणि जमिनीला टेकलेले चाक स्वस्थ बसते. म्हणून दोन्ही चाके एकत्र बांधणारे कुलूप लागते. ट्रॅक्टरला पायाशी असते तेच. आणि सगळ्यांत स्वस्त युक्ती हवेची. सडकेवर टायरात पस्तीस पौंड हवा असेल, तर वाळूत आणि खडकावर ती अठरा-वीसवर आणतात. टायर पसरतो, जमिनीला अधिक लांब टेकतो, आणि रुतत नाही. मात्र परत सडकेला लागण्यापूर्वी हवा भरलीच पाहिजे; मऊ टायर वेगात तापतो आणि फाटतो. खिशात हवा मोजण्याचा काटा नसलेल्याने या वाटेला जाऊ नये.

इतके असूनही घोड्याजवळ होते ते जीपजवळ नाही. कड्याच्या टोकाशी घोडा आपण होऊन थबकतो. भुसभुशीत जमीन त्याला खुराखाली कळते. रात्री स्वार झोपेने पेंगला तरी तो तळावर आणतो, जसे बैल बाजारातून गाडी घरी आणतात. वाहन आणि माणूस मिळून दोघांची अक्कल होती. जीपमध्ये सगळी अक्कल एकट्या माणसाची. चाक फिरवाल तिकडे ती जाईल, दरीतही जाईल! म्हणून जाणते चालक अवघड जागी गाडी थांबवून खाली उतरतात, पायी चालत पुढे जातात, दगड हलवून पाहतात, आणि मग चालवतात.

ही अक्कल केवळ स्वतःच्या जिवासाठी नव्हे. मोआबच्या वाळूवर जागोजागी काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. दिसायला करपलेल्या भाकरीसारखा. पण तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया नावाचे अतिसूक्ष्म जीव आपल्या चिकट तंतूंनी वाळूचे कण एकमेकांना बांधतात, हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि त्याच आधारावर तेथले गवत उगवते. एक चाक त्यावरून गेले की पापुद्रा मोडतो, वारा वाळू उडवून नेतो, आणि जखम भरायला दशकेच्या दशके लागतात. घोड्याच्या खुरानेही तो मोडतो, हे खरे. पण खूर ठिपके पाडतो, चाक सलग रेघ ओढते, आणि त्या रेघेतून पाण्याचा ओघळ धावतो. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढून सरकारी जमिनीवर अशी वाहने कोठे चालतील आणि कोठे नाही हे ठरवायला लावले. तेव्हा 'ऑफ-रोड' या शब्दाने फसू नये. डांबरी सडक सोडायची असते, वाट सोडायची नसते. त्या वाटाही मुळात कोणाच्या? गुराख्यांच्या, आणि १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांच्या. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातली शेफर वाट आधी गुरांची होती, मग तिच्यावरून खनिजाचे ट्रक उतरले, आता हौशी लोक उतरतात.

राहिले ते चाकांवरचे घर, ज्याला तिकडे आर.व्ही. म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, पण या बिऱ्हाडात पलंग आहे, चूल आहे, शौचकूपही आहे. आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी हे शेतकऱ्यांचे गाव. शेतीला मंदी आली म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी १९५८ साली अशा गाड्यांचा कारखाना गावात आणवला. तोच पुढे विनेबागो म्हणून प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की घोडेवाल्याला हे घर ओढणे नवे नसते. घोडे नेण्याची ढकलगाडी पिकअपमागे त्याने आयुष्यभर ओढलेली असते. आकडा तोच, मागचे बिऱ्हाड बदलते.

पण सुखालाही वजन असते, आणि ते लिटर-किलोंत मोजता येते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. शिवाय सांडपाण्याची टाकी वेगळी, मैल्याची वेगळी. मैल्याची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची, ओढ्यात नव्हे. हे काम कोणालाच आवडत नाही, आणि ते टाळणाऱ्यामुळेच तळाच्या जागा बंद होतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. मग तळ हलवावा लागतो.

सामान भरण्यात मात्र आपला गाडीवान त्यांना चार गोष्टी शिकवील. बैलगाडीत ओझे मागे पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. चाकांवरच्या घराचेही तसेच. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे आकड्यावर आला पाहिजे. तीन टनांच्या घराला तीनशे ते साडेचारशे किलो. तो कमी पडला की मोठ्या वेगात मागचे घर सापाच्या शेपटासारखे डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागते. अशा वेळी घाबरून पुढच्या गाडीचा ब्रेक दाबू नये. पाय वेगावरून काढावा, चाक सरळ धरावे, आणि मागच्या घराचा वेगळा ब्रेक हाताने हळूहळू लावावा. निघण्यापूर्वी सगळे भरलेले घर वजनकाट्यावर नेतात. आपल्याकडे साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या मोजतात, तसाच काटा. अंदाजावर गेलेला माणूस हटकून पाण्याचे वजन विसरलेला असतो.