एक्स्टर्नल डिस्क मध्येच ‘गायब’ का होते? लिनक्स डेस्कटॉपवरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉपी चालू असते. साठ टक्के झालेले असते आणि अचानक फाइल मॅनेजरमधून डिस्कचे चिन्ह नाहीसे होते. थोड्या वेळाने ती पुन्हा दिसते, कधी दिसतही नाही. लिनक्स डेस्कटॉप वापरणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे येते. अशा डिस्कवर बहुधा घरातले फोटो, प्रबंधाचे मसुदे, हिशेबाच्या फाइली असे पुन्हा न मिळणारे काहीतरी असते. त्यामुळे माणूस घाबरतो आणि घाईने हाताला येईल तो उपाय करून बघतो. यातले बरेच उपाय चुकीच्या समजुतींवर उभे असतात आणि त्यांतले काही नुकसान वाढवतात. म्हणून या समजुती एकेक करून तपासणे गरजेचे आहे.

गैरसमज १ : लिनक्स स्वतःच डिस्क अनमाउंट करते.

वस्तुस्थिती : डिस्कवरची एखादी फाइल उघडी असताना साधा अनमाउंटचा आदेश दिला, तर लिनक्स तो नाकारते आणि डिस्क वापरात असल्याचे सांगते. मग चालू कॉपीच्या मध्येच ते स्वतःहून डिस्क कशी काढेल? प्रत्यक्षात बहुतेक वेळा यूएसबीवरचे उपकरणच कर्नलच्या नजरेआड होते. उपकरण गेले की डेस्कटॉपच्या पाठीमागे काम करणारी यूडिस्क्स ही सेवा माउंटची उरलेली जागा साफ करते. आपल्याला दिसते ती ही साफसफाई. खरे कारण त्याच्या क्षणभर आधी घडून गेलेले असते.

ते कर्नलच्या नोंदींमध्ये सापडते. टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ हा आदेश ‘के’ आणि ‘एफ’ या दोन पर्यायांसह चालवला की कर्नलचे संदेश जसे येतील तसे समोर दिसू लागतात. ‘डीमेसेज’ वापरूनही तेच दिसते, मात्र अनेक वितरणांमध्ये त्यासाठी सुडो लागतो. ती खिडकी उघडी ठेवून डिस्क वापरा आणि डिस्क गेली की पहिली ओळ कोणती आली ते बघा. ‘यूएसबी डिसकनेक्ट’ सर्वांत आधी आले, तर जोडणीच तुटली आहे. वारंवार ‘रीसेट’ येत असेल, तर डिस्क जागेवर आहे पण वेळेत उत्तर देत नाही. ‘एरर -७१’ म्हणजे यूएसबीवरच्या संवादात गडबड झाली, ‘एरर -११०’ म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. ‘ओव्हर-करंट’ म्हणजे पोर्टवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला. ‘आय/ओ एरर’च्या ओळी डिसकनेक्टच्या नंतर आल्या असतील, तर तो फक्त परिणाम आहे. त्या आधी आल्या असतील, तर डिस्कच्या तब्येतीची चौकशी करायला हवी. निदान या क्रमावर ठरते.

गैरसमज २ : दिवा लागतोय, डिस्क फिरतेय, म्हणजे वीज पुरेशी आहे.

वस्तुस्थिती : दिव्याला अगदी थोडी वीज पुरते. यूएसबी २.० च्या मानकाप्रमाणे पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर द्यायचे असतात, यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपियर. अडीच इंची हार्ड डिस्क एकदा फिरू लागली की यात भागते. पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवताना अशा अनेक डिस्कना क्षणभर १ अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज खाली गेले, तर डिस्कवरचे सर्किट बंद पडून पुन्हा सुरू होते आणि कर्नलला ‘डिसकनेक्ट’ दिसते. मोठ्या फाइली लिहिताना किंवा थोडा वेळ थांबून पुन्हा काम सुरू करताना डिस्क जात असेल, तर पहिला संशय विजेवर घ्यावा.

डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपर्यंत वीज आणि सिग्नल कॅबिनेटमधल्या वायरीतून येतात; मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून डिस्क आधी मागच्या पोर्टला लावून बघा. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेला हब चार उपकरणांत एकाच पोर्टची वीज वाटतो, तिथे हार्ड डिस्क लावू नये. साडेतीन इंची डिस्कना १२ व्होल्टही लागतात, म्हणून त्यांना वेगळा अॅडॉप्टर असतो. तो अॅडॉप्टर जुना होऊन कमकुवत झाला, तरी हीच लक्षणे दिसतात.

केबलकडेही असेच दुर्लक्ष होते. अनेक पोर्टेबल डिस्कना असलेला रुंद, चपटा मायक्रो-बी जोड वापरून वापरून सैल होतो. केबल किंचित हलवल्यावर डिस्क जात असेल, तर दुसरे काही शोधायच्या आधी चांगली, आखूड केबल आणा.

गैरसमज ३ : डिस्क सारखी जाते, म्हणजे ती मेली, नवी घ्या.

वस्तुस्थिती : डिस्क, तिच्या डब्यातले यूएसबी-साटा ब्रिजचे सर्किट, केबल, पोर्ट आणि वीज या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड यातल्या कशातही असू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नोंदी बघा. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले, तर डिस्क सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

डिस्कची तब्येत ‘स्मार्टसीटीएल’ सांगते. यूएसबी डब्यातल्या डिस्कसाठी त्याला अनेकदा ‘साट’ हा प्रकार स्पष्ट सांगावा लागतो. काही ब्रिज ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत. ती मिळाली, तर हार्ड डिस्कच्या बाबतीत क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेले सेक्टर, या दोन ओळी आधी बघा. हे आकडे वाढत असतील, तर तबकडीवरच बिघाड आहे. क्रमांक १९९ हा सीआरसी चुकांचा आकडा आहे. तो वाढला की लोक यूएसबी केबल बदलतात, पण तो डिस्क आणि ब्रिज यांच्यामधल्या साटा जोडणीबद्दल बोलतो. अशा वेळी शक्य असेल तर डिस्क दुसऱ्या डब्यात घालून बघावी. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जोड थेट डिस्कच्या सर्किटवरच असतो, तिथे डबा उघडून काही साधत नाही.

गैरसमज ४ : डिस्क झोपते म्हणून अनमाउंट होते, पॉवर सेव्हिंगचे सगळे काही बंद करा.

वस्तुस्थिती : इथे तीन वेगवेगळ्या ‘झोपा’ एकत्र केल्या जातात.

पहिली डिस्कची स्वतःची. काही वेळ काम नसले की अनेक डिस्क तबकडी थांबवतात. तेव्हा डिस्क माउंटच असते. पुढची फाइल उघडताना काही सेकंद थांबावे लागते, इतकेच. डिस्कला दिलेल्या आदेशाच्या उत्तराची लिनक्स साधारणपणे ३० सेकंद वाट बघते आणि निरोगी डिस्क त्याच्या खूप आधी जागी होते. अशा झोपेतून उठताना डिस्क जात असेल, तर पुन्हा विजेकडे वळा.

दुसरी यूएसबी ऑटोसस्पेंडची. काम नसलेल्या उपकरणाला यूएसबी स्तरावर झोपवण्याची ही सोय आहे. तिची कर्नलमधली ठरलेली मुदत २ सेकंद आहे. पण हब सोडून इतर उपकरणांना कर्नल ती आपणहून लावत नाही. टीएलपीसारखा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम किंवा पॉवरटॉपची स्वयंचलित जुळणी वापरली, की ती सरसकट सुरू होते. लॅपटॉपसाठीचे हे उपाय डेस्कटॉपवरही टाकले असतील, तर तिथे तपास करा. टीएलपीमध्ये एकाच उपकरणाला वगळण्याची सोय आहे, सगळे बंद करायची गरज नाही. कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांमध्ये ऑटोसस्पेंडची मुदत उणे १ केली तर ती पूर्ण बंद होते. काही दिवसांच्या चाचणीसाठी हे ठीक आहे.

तिसरी झोप संपूर्ण संगणकाची. सस्पेंडमध्ये पोर्टची वीज गेली, तर उठल्यावर कर्नल तीच डिस्क परत आली का हे ओळखायचा प्रयत्न करते. डिस्क सावकाश उठली, तर हा प्रयत्न फसतो. अशा संगणकावर सस्पेंडच्या आधी डिस्क काढणे हाच भरवशाचा उपाय आहे.

गैरसमज ५ : यूएएस बंद करा, सगळे ठीक होते.

वस्तुस्थिती : यूएएस ही यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत आहे. तिच्यात एका वेळी अनेक आदेश रांगेत लावता येतात. २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून लिनक्समध्ये ती वापरण्याजोगी झाली. काही स्वस्त ब्रिज सर्किट यूएएस जमते असे सांगतात आणि भार वाढला की अडकतात. तेव्हा नोंदींमध्ये यूएएसच्या नावाने ‘अबॉर्ट’च्या ओळी आणि पाठोपाठ ‘रीसेट’ दिसतात. त्या दिसल्या तरच हा उपाय करावा.

तोही नेमका करावा. ‘एलएसयूएसबी’ने त्या डब्याचे चार-चार हेक्साडेसिमल अंकांचे दोन क्रमांक मिळतात. यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या ‘क्वर्क्स’ पर्यायात ते क्रमांक आणि शेवटी लहान ‘यू’ अक्षर लिहिले, की फक्त तेवढ्या डब्यासाठी जुनी पद्धत लागू होते. याची किंमत वेगाच्या रूपात मोजावी लागते आणि एसएसडीवर ती चांगलीच जाणवते. दोष केबलमध्ये असेल, तर या उपायाने डिस्क फक्त हळू होते, जाणे थांबत नाही.

गैरसमज ६ : डिस्क एनटीएफएस आहे म्हणून लिनक्सवर टिकत नाही.

वस्तुस्थिती : फाइलसिस्टम यूएसबीची जोडणी तोडू शकत नाही. एक्सफॅटची सध्याची प्रणाली ५.७ कर्नलपासून आणि एनटीएफएसची नवी प्रणाली ५.१५ पासून कर्नलमध्येच आहे. गोंधळ होतो तो नंतरच्या परिणामामुळे. जोडणी मध्येच तुटली की एनटीएफएसवर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते आणि पुढच्या वेळी लिनक्स ती माउंट करायला नकार देऊ शकते. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप चालू असतानाही असाच अडथळा येतो. ही डिस्क विंडोजच्या ‘चेकडिस्क’ने दुरुस्त करावी. लिनक्सवरचे ‘एनटीएफएसफिक्स’ त्याची जागा घेत नाही.

एक्सट४ वर आणखी एक प्रकार घडतो. चूक आढळली की अनेक ठिकाणी ती फाइलसिस्टम ‘फक्त वाचन’ अवस्थेत जाते. डिस्क दिसते, फाइली उघडतात, पण काही लिहिता येत नाही. हे तुमच्या फाइलींचे संरक्षण आहे. ते जबरदस्तीने उलटवू नका. आधी नोंदी वाचा.

गैरसमज ७ : एफस्टॅबमध्ये नोंद टाकली की डिस्क हलणार नाही.

वस्तुस्थिती : एफस्टॅब डिस्क कुठे माउंट करायची ते सांगते, तिला धरून ठेवत नाही. ‘एसडीबी’सारख्या नावाने केलेली नोंद तर अडचणच करते. डिस्क जाऊन परत आली आणि जुने नाव अजून कुणी धरून ठेवले असेल, तर ती ‘एसडीसी’ म्हणून येते. म्हणून नोंद नेहमी यूयूआयडीने करावी. सोबत ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, नाहीतर डिस्क जोडलेली नसताना संगणक सुरू होताना साधारण ९० सेकंद वाट बघतो आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जातो.

यंत्रणाच डिस्क अनमाउंट करते अशी एक खरी शक्यता इथेच आहे. एफस्टॅबमधली नोंद बदलली पण सिस्टमडीला ते कळवले नाही, तर त्याच्या लेखी त्या जागेवर अजून जुनीच डिस्क हवी असते. ती सापडत नाही, म्हणून हाताने माउंट केलेली नवी डिस्क सिस्टमडी लगेच काढून टाकते. माउंट करताच डिस्क जात असेल आणि कर्नलच्या नोंदींमध्ये यूएसबीची एकही ओळ नसेल, तर ‘सिस्टमसीटीएल’ला ‘डीमन-रीलोड’ सांगा. प्रश्न तिथेच सुटतो.

गैरसमज ८ : डिस्क परत दिसली, म्हणजे काही बिघडले नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत मोठे नुकसान या समजुतीने होते. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेते आणि मागाहून डिस्कवर उतरवते. साधारण ३० सेकंद जुना झालेला मजकूर लिहायला निघतो. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी मोठ्या फाइलीचा बराच भाग अजून मेमरीत असू शकतो. त्या वेळी डिस्क गेली, तर फाइलचे नाव दिसते पण आतला मजकूर अपुरा असतो. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ निवडून परवानगीचा संदेश येईपर्यंत थांबावे, किंवा ‘सिंक’ आदेश संपू द्यावा. मध्येच गेलेल्या डिस्कवरच्या त्या वेळच्या फाइली मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये. आणि माउंट असलेल्या डिस्कवर ‘एफएससीके’ कधीही चालवू नये. त्याने धडधाकट फाइलसिस्टमही बिघडू शकते.

मग कुठून सुरुवात करावी?

डिस्क एकदा जरी मध्येच गेली, तरी पहिले काम दुरुस्तीचे नाही, प्रत काढण्याचे. डिस्क वाचता येते आहे तोवर सर्वांत महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे घ्या. वाचताना आय/ओ एरर येत असतील, तर पुन्हापुन्हा कॉपी करून बघू नका. ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या, ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते आणि अवघड भागांकडे नंतर वळते. त्यानंतर नोंदींची पहिली ओळ वाचा, मग केबल, पोर्ट आणि वीज तपासा, मग स्मार्टचे आकडे बघा. सेटिंगला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

बहुतेकांचा तपास केबल, पोर्ट किंवा अॅडॉप्टरपाशीच संपतो. तो तिथे संपला तरी एक काम उरते. जी फाइल एकाच डिस्कवर आहे, ती सुरक्षित नाही. दुसरी प्रत आजच, डिस्क चालू असतानाच करून ठेवा.