जुनी पद्मिनी घेताना

प्रीमियर पद्मिनी बघायला गेलात तर बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली वाका. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. तो सडला की गाडीचा कणाच गेला. मॅटिंग उचलून फ्लोअरवर टॉर्च मारा, दरवाज्यांचा खालचा काठ बोटांनी चाचपा. शंका आली तर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत हे फार आढळतं. नवाकोरा रंग दिसला तर मी जास्तच सावध होतो.

१०८९ सीसीचं इंजिन साधं, दुरुस्त होण्यासारखं. मात्र ते थंड असतानाच स्वतः सुरू करून बघा. निळसर धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. स्टिअरिंगजवळच्या दांडीने चारही गिअर टाकून बघा.

आरसी बुकातले चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलेलं असेल तर इसार देऊ नका.