पत्र्याची खरी भिस्त

वादळात छप्पर उडालं की बोल लागतो वाऱ्याला, नाहीतर पत्र्याच्या गेजला. शहापूर-मुरबाडकडे कौलं उतरवून लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रे चढवायची रीत आता रुळली आहे. कसाऱ्यासारख्या घाटाच्या पायथ्याच्या गावात त्या पत्र्यांची खरी भिस्त असते ती साडेपाच मिलिमीटर जाडीच्या सेल्फ स्क्रूवर. स्क्रू मुळात चांगला आहे. त्याचं वाटोळं होतं ते बसवणाऱ्याच्या घाईत, असं माझं म्हणणं.

आपले आटे आपणच पाडणारे स्क्रू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पातळ पत्रे जोडायला वापरात आले. पुढे टोकाला ड्रिलची धार आली आणि भोक, आटे, आवळणं ही कामं एका दमात होऊ लागली. पण मला जास्त वेधक वाटते ती डोक्याखालची काळी रबरी चकती. ईपीडीएम नावाचं हे रबर उन्हाला सहजी दाद देत नाही. आठ मिलिमीटरच्या षटकोनी डोक्यावर मशीन धरलं की स्क्रू आत शिरतो, वॉशर रबराला दाबतो, आणि रबर वॉशरच्या कडेला जेमतेम डोकावलं की हात थांबवायचा. अर्धा फेरा जास्त झाला तर रबर फुगून फाटतं, पन्हळीचा उंचवटा चेपतो आणि तिथे पाणी साचतं. पाइप पातळ असेल तर आटेच घासून जातात आणि स्क्रू नुसता गरगरतो. खालून बघणाऱ्या घरमालकाला मात्र तो पक्का बसलेला दिसतो.

यावर जुने मिस्त्री म्हणतील, जे-बोल्टच बरा होता. त्यात तथ्य आहे. तो पाइपाला खालून कवटाळतो, पाइपाच्या पातळपणाचं त्याला सोयरसुतक नसतं. पण त्याला आधी मोठं भोक पाडावं लागतं, खाली दुसरा माणूस लागतो, आणि त्याचा डांबरी वॉशर उन्हाने वाळतो. शिवाय उचल कुठे जास्त बसते हे न बघता खिळवलं, तर जे-बोल्टही वाचवणार नाही. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर वेग धरतात, नाशिकसाठी 39. कसारा या दोहोंच्या मधलं. 44 मीटरच्या वेगात दर चौरस मीटरला सुमारे 118 किलोचा दाब येतो, आणि छपराच्या कडांना, कोपऱ्यांना उचल त्याहून अधिक. तिथे स्क्रू दाट हवेत. प्रत्यक्षात सगळीकडे सारखंच अंतर ठेवतात, आणि बचत करायची झाली तर ती नेमकी कडेलाच होते.

दाट लावले तरी कटकटी संपत नाहीत. सहा मीटरचा पत्रा 40 अंशांनी तापला तर सुमारे 3 मिलिमीटर वाढतो, रात्री परत आखडतो. ही रोजची ओढाताण भोक लांबट करत जाते. ड्रिलचा लोखंडी बुरा पत्र्यावरून झाडला नाही, तर पहिल्या पावसात त्याचे तांबडे डाग पडतात. लोखंडासाठीचा ड्रिलटोकाचा स्क्रू जुन्या घराच्या लाकडी वाशात मारला, तर टोक लाकूड उपसून टाकतं आणि बारीक आट्यांना पकड मिळत नाही. तिथे टोकदार, मोठ्या आट्यांचाच हवा. पत्रे उतरवून पुन्हा चढवायचे झाले तर पाइपातल्या जुन्या भोकात त्याच मापाचा स्क्रू सैल बसतो. जाड घ्या, नाहीतर दोन इंच सरकून नवं भोक पाडा. मग पत्र्याचं जुनं भोक उघडं राहतं, त्यावर डांबर फासतात, आणि ते पुढच्या उन्हाळ्यात तडकतं.